चौकातले तीन सावळाराम

शिनोलीच्या अलीकडच्या एका गावात सरपंचपदाचे अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता. सावळारामला सरपंच व्हायचं होतं, तेही बिनविरोध. लढत झाली की गावजेवणं घालावी लागतात, आणि त्याचा हात खिशात गेला की तिथेच अडकतो. म्हणून महिनाभर तो जिथे बसेल तिथला झाला. वरच्या आळीत हिंदुत्ववादी, मधल्या आळीत समाजवादी, आणि खालच्या आळीत चहासुद्धा सोडून गांधीवादी.

त्यात आजच त्याचा वाढदिवस. तिन्ही आळ्यांनी मोठ्या प्रेमाने फ्लेक्स लावले, तेही चौकात शेजारी शेजारी. 'प्रखर हिंदुत्ववादी', 'कट्टर समाजवादी', 'निस्सीम गांधीवादी'. फोटो मात्र तिन्हींवर एकच, काळ्या गॉगलमधला.

"अवो, चौकात जाऊन बघा!" बायको गोजरबाई धापा टाकत आली. "तुमी तीन झालाय!"

सावळाराम तसाच धावत सुटला. चौकात सगळं गाव जमलं होतं.

"सावळाभाऊ, ह्ये वादी म्हंजी नक्की काय वो?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"एका इचारावर ज्याचा जीव असतो, तो वादी," सावळाराम कसाबसा म्हणाला.

"एका?"

गर्दी खदखदून हसली. आता सगळं संपलं, असं सावळारामला वाटलं. तेवढ्यात वरच्या आळीच्या गेणभाऊने त्याला बाजूला ओढलं.

"लई भारी, राव! त्या दोघांना गंडवलंस. आतून तू आपलाच!"

मग मधल्या आळीचा पप्पू अगदी हेच कुजबुजून गेला. खालच्या आळीच्या आदेशने, गांधीवादी असूनही, चक्क डोळा मारला. सावळारामचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात चुलत भाऊ रखमाजी कागदपत्रांची पिशवी घेऊन एसटीकडे निघालेला दिसला.

"कुठं रं?"

"अर्ज भराया."

"तू? तुला कुठला वाद कळतो?"

"कुठलाच न्हाई. पर तू समद्यांच्या दारी जाऊन कायबाय झालास. तुझ्या घराच्या भिंतीला माझी भिंत, पर माझ्याकडं फिरकलासुदिक न्हाई!"

सावळारामने त्याची पिशवी धरली. "आरं, तुला कोन पायजे ते सांग की! आत्ता व्हतो!" तो जिवाच्या आकांताने ओरडला.

ते सगळ्या चौकाने ऐकलं. गेणभाऊने पप्पूकडे बघितलं, पप्पूने आदेशकडे. एसटी आली, आणि रखमाजीच्या मागोमाग तिघेही अर्ज भरायला चढले.