मास्तरांची चिठ्ठी

लिमये मास्तर वस्तूंची नाडी बघायचे. थट्टा नाही. आमच्या परटवणे वाडीच्या उतारावरून सकाळी फिरायला निघाले की मध्येच थांबायचे, कुणाच्या तरी फाटकावर दोन बोटं टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. फाटक झालं की विजेचा खांब, खांब झाला की गोठ्याची मेढ. एकदा माझ्या स्कूटरच्या हँडलवर त्यांनी इतका वेळ बोटं ठेवली की मला कचेरीत लेटमार्क पडला.

"काय म्हणते तब्येत?" मी वैतागून विचारलं.

"हिची उत्तम. तुझीच घाई फार."

मास्तर आमचे शेजारी. मध्ये फक्त चिऱ्याचा बुटका गडगा. उभा जन्म त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं, मलासुद्धा. त्यांची पद्धत न्यारी होती. नवा शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि तो जिथे लागू पडेल तिथे नेऊन चिकटवायचा. मी एकदा 'लेझी' लिहिलेली चिठ्ठी शाळेच्या शिपायाच्या पाठीला लावली. मास्तर गरजले, "अर्थ ठीक, वापर चूक!" आणि ती काढून माझ्या पाठीला लावली. संध्याकाळपर्यंत मी ती वागवत होतो.

मास्तर निवृत्त झाले, पुढे वर्षभरात त्यांच्या पत्नी सुमतीकाकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. मग मास्तरांचे बाकीचे शब्द सुटले आणि एकच उरला. फीबल. आमच्याकडे नुकते कुठे मोबाईल वाजायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट.

"फीबल म्हणजे दुर्बळ ना?" मी विचारलं होतं.

"दुर्बळ सगळेच असतात रे. जे खचत चाललंय आणि कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, ते फीबल. काय समजलास?"

घरी येऊन मी डिक्शनरी उघडली. ध्यानाबिनाचं तिच्यात काही नव्हतं.

पहिली चिठ्ठी खालचा पऱ्या ओलांडायच्या लाकडी साकवाला लागली. आम्ही पोटभर हसलो. आठ दिवसांनी साकव मधोमध मोडून पाण्यात गेला. दुसरी सामंतांच्या विहिरीच्या रहाटावर. सामंतांनी दोर तपासला, तो नवाकोरा. म्हणून निर्धास्त राहिले, आणि रहाटाचा कणाच तुटला. तिसरी परबांच्या म्हशीच्या शिंगाला. म्हैस त्या सकाळी आंबोण खाऊन मजेत उभी होती. शनिवारी आडवी झाली ती उठली नाही.

मग कुणी हसेना. चिठ्ठी चिकटवायला मास्तर भाताची शितं वापरायचे, त्यामुळे चिठ्ठीच्या आधी मुंग्या दिसायच्या. भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसली की वाडीतली माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. रांगेमागे जायचं धाडस होत नसे आणि गेल्यावाचून राहवतही नसे. मास्तर लांबून येताना दिसले की बायका वाळत टाकलेले फणसाचे पापडसुद्धा आत न्यायच्या. परबीण तर उघड म्हणायची, "मेल्याच्या बोटातच काय तरी आहे!" मी सुशिक्षित माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. फक्त स्कूटर तेवढी घराच्या मागे लावायला लागलो.

आणि एका दुपारी मुंग्या आमच्या पडवीत आल्या.

खांबावरून उतरून त्या आईच्या खुर्चीकडे चालल्या होत्या. खुर्चीच्या पाठीला चिठ्ठी. मास्तरांचं वळणदार अक्षर, तोच शब्द. आई आत दुपारची झोपली होती. मी खुर्ची उलटी केली, पाय हलवून पाहिले, शेवटी स्वतः तिच्यावर चढून उभा राहिलो. सागवानी खुर्ची, तसूभर हलली नाही. खुर्चीत काहीच दोष नव्हता. आणि ते कळलं तसं मी आत आईकडे वळून पाहिलं. त्या खुर्चीत आईशिवाय कुणी बसत नसे.

तसाच गडगा ओलांडून गेलो. मास्तर ओटीवर बसले होते.

"हे काय चालवलंयत तुम्ही? माझ्या आईला चिठ्ठी लावता?"

"परवा त्या आमसुलं द्यायला आल्या होत्या," मास्तर शांतपणे म्हणाले. "वाटी घेताना मनगटाला बोटं लागली. नाडी मध्येच ठोका गाळतेय. आजच डॉक्टरांकडे ने."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तोंडाने सांगितलं की लोक 'बरं' म्हणतात आणि विसरतात. साकवाचं मी चौघांना सांगितलं होतं. चिठ्ठीला घाबरतात. घाबरले की निदान बघतात तरी."

मग ते अंगणाकडे बघत म्हणाले, "सुमतीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, फीबल पल्स. तिने विचारलं, म्हणजे काय हो? मी अर्थ सांगितला. तीन वाक्यांत उपयोग करून दाखवला. ती हसली. चौथ्या दिवशी गेली. मी शब्द बघत बसलो रे. तिच्या हाताला हात लावून बघितलं नाही."

मी आईला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, दहा दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, वेळेवर आणलंत.

घरी आल्यावर थोडी ताकद येताच आई म्हणाली, "मास्तरांकडे जाऊन येत्ये. चल माझ्याबरोबर." डब्यात तिने मऊभात घेतला. मास्तरांना बरेच दिवस दातांचा त्रास होता, हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

आम्ही आत गेलो. वाऱ्याने धूळ येत होती म्हणून मास्तरांनी दार लोटलं आणि दाराची आतली बाजू आमच्यासमोर आली. तिच्यावर चिठ्ठी होती, तोच शब्द. पिवळी पडलेली, कोपरे कितीदा तरी पुन्हा चिकटवलेले. शितं ताजी होती. मुंग्या होत्या.

"ही कुणाची, मास्तर?" मी विचारलं.

"ती होय? राहिली असेल चुकून."

आई पुढे झाली. नखाने तिने ती चिठ्ठी हळूच सोडवली, डब्यातली चार शितं घेतली, दार उघडून बाहेर गेली आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला ती चिकटवून आली.

"आत लावून कोण वाचणार होतं हो? उद्यापासून सकाळी मी येत्ये वाचायला."

"वापर बरोबर," मास्तर एवढंच म्हणाले.

आई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि त्यावर दोन बोटं ठेवली. नाडीतलं तिला काही म्हणजे काही कळत नाही. तरी हात तिने लवकर सोडला नाही.