झुंबरताईंचा उलटा अहवाल

एका जंगलात, मुलांनो, एक सरकारी इस्पितळ होतं. तिथे झुंबरताई छताला उलट्या लटकून नोकरी करायच्या. जातीने वटवाघूळ.

काम तसं साधं. ऑपरेशनआधी रोग्याच्या गळ्याकडे तोंड करून त्या बारीक चिरकायच्या. तो आवाज तुम्हा-आम्हाला ऐकू येत नाही. पण तो आत आपटून परत आला की ताईंना गळा आतून कसा आहे ते कळायचं. भूल दिल्यावर श्वासाची नळी सरळ जाईल की अडेल, हे त्या आधीच सांगायच्या.

एकदा महाराज सिंहांच्या पोटात गाठ झाली. झुंबरताई चिरकल्या.

"महाराजांच्या गळ्यात मांस फार दाटलंय," त्या म्हणाल्या. "गळा अवघड आहे, नळी अडेल. सुतारपक्ष्याला शेजारी बसवा. वेळ आलीच तर गळ्याला बाहेरून भोक पाडून श्वास देता येईल."

"महाराजांच्या गळ्याला चोच लावायची?" प्रधान तरस म्हणाला. "डरकाळी फोडणारा गळा, आणि अवघड?"

भूल देणारं अस्वल हसलं. "आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत."

अस्वलाचा एकही केस पांढरा नव्हता. पण तसं कोण म्हणणार?

तरसाने तोडगा काढला. "ताई उलट्या लटकतात, तेव्हा त्यांना दिसतं तेही उलटंच. त्या अवघड म्हणाल्या, म्हणजे गळा सोपा."

सगळ्यांना पटलं. महाराजांना तर फारच पटलं. सुतारपक्ष्याला रजा मिळाली.

ताई विनवू लागल्या. "पंख जोडते, त्याला निदान दाराशी तरी बसू द्या. जिवाचा प्रश्न आहे."

त्यांना अपशकुनी म्हणून हाकलून दिलं. भर उन्हात डोळे दिपत असताना त्या रानभर सुतारपक्ष्याला शोधत फिरल्या. त्याला घेऊन आल्या, तेव्हा इस्पितळाचा झेंडा अर्ध्यावर उतरला होता.

शोकसभेत अस्वलाचा कंठ दाटून आला. "महाराजांचा गळा भलताच अवघड होता. मी बघताक्षणीच ओळखलं होतं."

"याला म्हणतात अनुभव," तरस म्हणाला.

अस्वल इस्पितळाचं प्रमुख झालं. झुंबरताईंवर खटला भरला. त्या अवघड म्हणाल्या, म्हणूनच गळा अवघड झाला, असा आरोप होता.

तात्पर्य: धोका आधी सांगितला तर तो अपशकुन, नंतर सांगितला तर अनुभव. म्हणून मुलांनो, शहाण्याने रोगी जाईपर्यंत दम धरावा.