वाणाच्या यादीवर ताऱ्याची स्वारी

शके एकोणीसशे सतरा, युवा नाम संवत्सरी, पौष वद्यात, मुक्काम वर्तकनगर, इमारत नंबर नऊ, येथे जे घोर युद्ध जाहले त्याची हकीकत ऐसी जे:

सोसायटीचे सेक्रेटरी, गच्चीच्या किल्लीचे धनी, राजमान्य राजश्री पोपटराव यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी तपासली, आणि तीत मंजुळाबाईंचे नाव आढळले, आणि फर्मान काढिले की, बाई श्रावणात वारल्या, सबब त्यांचे वाण बंद, नाव खोडावे. हे हळदीकुंकू एकोणीस वर्षे मंजुळाबाईंनीच चालविले होते. परंतु एवढ्या थोर कारभारात असल्या किरकोळ गोष्टी कोण ध्यानी ठेवितो? बाईंचे यजमान दाजी, रंगाच्या कारखान्यातून निवृत्त, यांस खबर लागली. त्यांस वाणाची वाटी नको होती. नाव खोडू नये, इतकेच मागणे.

मग दाजी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन भर समारंभात हॉलवर चालून गेले आणि अर्ज गुदरला की, विलायतेच्या ज्योतिषांनी दूरच्या एका ताऱ्याच्या उजेडाचे रंग वेगळे केले, आणि त्यांतील काळ्या रेघा कधी जांभळ्याकडे, कधी तांबड्याकडे सरकल्या, म्हणजे तारा कधी जवळ येतो, कधी दूर जातो, आणि दर चार दिवसांनी पुन्हा तसेच. सबब कोणी ग्रह त्यास ओढीत आहे. तो कोणी पाहिला नाही, तरी यादीत घेतला. त्याअर्थी मंजुळेचेही नाव राहावे.

पोपटरावांनी निवाडा दिला, "अहो दाजी, जे दिसत नाही ते नाही. बसा, तिळगूळ घ्या." आणि विजयी मुद्रेने सरबताची पाहणी करण्यास बाहेर गेले.

तो शत्रूच्याच गोटातून कुमक आली. पोपटरावांचे कुटुंब विमलाबाई उठल्या. अंगावर संक्रांतीची काळी साडी, मागे नाटकाचा काळा पडदा.

"भावोजी, फुगडी घालू. तुम्ही तारा, मी ग्रह. खिडक्या लावा गं!"

आणि डोक्यावरून पदर ओढून त्यांनी दाजींचे हात धरिले, आणि अंधारात दाजींचा पांढरा सदरा तेवढा पुढे येई, मागे जाई, पुढे येई, मागे जाई.

पोपटराव दारात परतले आणि ओरडले, "अहो दाजी, पडाल! धरलंय का कोणी तुम्हाला?"

अंधारातून कुटुंबाचा आवाज आला, "मी धरलंय. आता म्हणा, मी नाही!"

मग हशा इतका उसळला की खालच्या दुकानदाराने शटर ओढिले. पोपटरावांनी शिकस्त कबूल केली, यादी कायम जाहली, आणि स्टीलची वाटी एक, मंजुळाबाईंच्या नावे, दाजींच्या हाती आली.

ऐसी फत्ते जाहली. दाजी बाजारात जाताना अद्याप डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून चालतात, तेही दप्तरी नोंदिले असे.