तीन मिनिटांची बेपर्वाई

“सूनबाई, नाटकात तुझ्या सासऱ्यांना पडायचं काम देऊ नकोस हं. साधी शिंक आली तरी हा माणूस चौघांना धरायला लावतो, आणि खरंच काही दुखायला लागलं की मिटून बसतो. आपल्याला कळायचं कसं?”

सासूबाईंनी मला अगदी बजावून सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं! कारण मी तेव्हा नाटककार झाले होते. बाळ झोपलं की लिहायचं, उठलं की थोपटायचं, असं करत करत मी माझं पहिलं पथनाट्य पूर्ण केलं होतं. कॉलेजात समाजशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली बाई मी. समाज मला पाठ होता!

प्रसंग खरा होता. आमच्या घरामागच्या धुलाई कारखान्यात इस्त्रीच्या वाफेनं एक बाई चक्कर येऊन पडली, आणि यंत्रं वीस मिनिटं तशीच चालू राहिली. मॅनेजरचं म्हणणं, “यंत्रं मध्येच थांबवता येत नाहीत.” आमच्या कलापथकाची मागणी एवढीच, की माणूस पडला तर यंत्र थांबलंच पाहिजे. त्यासाठी कारखान्याच्या फाटकासमोर प्रयोग करायचा आणि सह्या गोळा करायच्या. पडलेली बाई अजून अंथरुणातच होती. ती परत आली तर त्याच यंत्रापुढे उभी राहणार होती.

कलापथक म्हणजे दिग्दर्शन करणारा बसचा कंडक्टर, ढोल वाजवणारा न्हावी, दोन शिक्षिका, मी, आणि माझे सासरे. छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेले. घरी त्यांना ‘बाबा’ म्हणायचं, तालमीत ‘कॉम्रेड’. माझ्या तोंडून ‘कॉम्रेडबाबा’ निघायचं. आमच्यात प्रत्येक गोष्ट मतदानाने ठरते, अगदी चहात साखर किती तेसुद्धा. तसाच एकमताने ठरलेला नियम होता: ढोल वाजेपर्यंत भूमिका सोडायची नाही!

माझी कल्पना साधी होती. बाबा फाटकासमोर कोसळणार. तीन मिनिटं लोक त्यांना ओलांडून जाणार. मग ढोल, मग कंडक्टर गरजणार, “बघा, आपण किती दगड झालोय!”

“तीन मिनिटं कुणीच थांबणार नाही?” न्हाव्यानं विचारलं.

“अहो, दगड झालाय समाज! लिहून घ्या माझ्याकडून!”

प्रयोगाच्या दिवशी चार वाजता, कडेवर बाळ आणि हातात घड्याळ घेऊन मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. बाबा आले, छाती धरली आणि उसाचं कांडं मोडावं तसे कोसळले. काय पडले! माझ्याच अंगावर काटा आला.

मी घड्याळ पाहिलं. सात सेकंद!

सात सेकंदांत फळवाली गाडी सोडून धावली. मागून चांभार, त्यामागून शाळेतल्या चार पोरी. कुणी पाणी मारलं, कुणी बूट काढले, फळवालीनं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या बेपर्वाईची दोन मिनिटं त्रेपन्न सेकंद शिल्लक, आणि बाबा दिसेनासे झाले!

“अहो, सरका! ते नाटक आहे!” मी ओरडले.

“नाटक?” फळवालीनं मान वर केली. “म्हातारा पांढराफटक पडलाय आणि म्हणे नाटक! तू कोण गं त्याची?”

“सून.”

“आणि घड्याळ बघत उभी आहेस? लाज नाही वाटत?”

मी न्हाव्याला खूण केली. त्यानं ढोलावर पहिली थाप मारायला हात उचलला आणि गर्दीनं ढोलच काढून घेतला. “माणूस मरतोय, आणि हा वाजवतोय!” कंडक्टर गरजायला पुढे झाला, तर चांभारानं त्यालाच पाय उचलायला लावले.

एवढ्यात खिडकीतून कुणीतरी आत हाक दिली, आणि काय सांगू, कारखान्याची घरघर बंद पडली! सगळी यंत्रं, अर्ध्या मिनिटात! बायका ओले हात पुसत धावत बाहेर आल्या. मागोमाग मॅनेजर.

“यंत्रं कुणी थांबवली?”

“आम्ही,” एक इस्त्रीवाली म्हणाली. “थांबतात की हो, साहेब!”

हे वाक्य मला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं.

बाबांना कारखान्याच्याच टेम्पोत घातलं. मी बाळासकट मागे चढले आणि कानाशी कुजबुजले, “बाबा, उठा आता!”

एक डोळा किलकिला झाला. “ढोल वाजला?”

“नाही हो!”

डोळा मिटला.

दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगून टाकलं. त्या दंडाचा पट्टा सोडत म्हणाल्या, “रक्तदाब एकशे नव्वद आहे. हेही तुम्हीच लिहिलंय का?”

बाबा छताकडे बघत पुटपुटले, “चार दिवस गरगरतंय. सांगितलं असतं तर प्रयोग रद्द केला असतात.”

बाळाचं कपाळ दिवसातून अकरा वेळा चाचपणारी मी! त्याच घरात, त्याच टेबलाशी बसणारा माणूस भिंतीला धरून चालत होता, आणि मला वाटत होतं, तालीम करतायत.

संध्याकाळी खाटेभोवती पथकाची बैठक भरली. इस्त्रीवाल्या बायकांनी सह्यांचे कागद आणून दिले होते. सगळ्या पाळीच्या सह्या! तरी ठराव आलाच: ‘लेखिकेने जनतेवर अविश्वास दाखवला, तिने आत्मटीका करावी.’ मी स्वतःच पहिला हात वर केला. बाबांनी सलाईनचा हात वर केला.

“ही काय सभा आहे का?” नर्स कडाडली. “हात खाली! सगळे बाहेर!”

ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. आज बाजारात नव्या संहितेचा प्रयोग आहे. त्यात लोक थांबतात, अशी दुरुस्ती मी केली आहे. पडायचं काम कंडक्टरला दिलंय, पाच विरुद्ध एक मतांनी. विरोधात कुणी मत दिलं ते सांगायला नको. ते एक मत दुपारी ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणून बाहेर पडलंय, अजून आलेलं नाही.

तेव्हा कृपा करा. तुमच्या वाटेत कुणी म्हातारा आडवा दिसला तर थांबा. खरं की खोटं याचा विचार करत बसू नका. मला लेखिका असून ओळखता आलं नाही! आधी नाडी बघा, सावलीत घ्या, आणि मग जरा दरडावून विचारा, रक्तदाबाची दुपारची गोळी घेतली का म्हणून.

घेतली म्हणाले तर विश्वास ठेवू नका. गोळी इथे माझ्यासमोर टेबलावर आहे.