साळिंदरांचा साखरपुडा आणि फांदीकरांचा कॅमेरा

एका जंगलात, बाळांनो, प्राण्यांना डोळे होते, कान होते, नाकं तर फारच तिखट होती. तरीही फोटो पाहिल्याशिवाय कुणाचा कशावर विश्वास बसत नसे. अस्वलीणबाईंना बाळ झालं, तर शेजारणी आधी फोटो बघत, मग बाळ. कित्येक जणी बाळ बघायचं विसरूनच घरी जात.

या जंगलात वारुळांच्या माळावर कुमुद नावाची साळिंदरीण राहत होती. शेजारच्या बिळात भालचंद्र नावाचा साळिंदर होता. दोघं दिवस मावळला की कंदमुळं उकरायला निघत. गोड कंद लागला, की भालचंद्र न बोलता अर्धा तिच्यापुढे सरकवी. मग मध्ये हातभर अंतर ठेवून दोघं गप्पा मारत बसत. साळिंदरांना तेवढं अंतर ठेवावंच लागतं. अंगभर काटे असतात ना!

गप्पा मारता मारता लग्न ठरलं. आणि साखरपुड्याच्या तयारीला कुमुदची आत्या आली.

"फोटोशूट कुठे करताय?" आल्या आल्या तिने विचारलं.

"कशाचं?" भालचंद्र म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, तुमच्या प्रेमाचं! चितळांच्या मुलीचं धबधब्यावर झालं. सशांच्या मुलाने तर कमळाच्या तळ्यात उभं राहून केलं. बिचाऱ्याच्या छातीत कफ झाला, अजून खोकतोय. पण फोटो काय आलेत!"

त्या संध्याकाळी कुमुदने कंदाला तोंड लावलं नाही. आपल्या प्रेमाचा आपल्याकडे एकही पुरावा नाही, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं होतं.

जंगलात फांदीकर नावाचा एक वानर फोटो काढत असे. त्याला फोटोग्राफर म्हटलेलं आवडत नसे. "मी फोटो काढत नाही, गोष्ट सांगतो," तो म्हणे. "तुमची गोष्ट काय?"

"आम्ही कंद उकरतो," कुमुद लाजत म्हणाली.

"ते नको, मॅडम. आपण असं दाखवू, की धुक्यात तुम्ही एकमेकांना पहिल्यांदाच दिसता."

"पण आम्ही लहानपणापासून शेजारी आहोत," भालचंद्र म्हणाला.

"सर, बघणाऱ्यांना ते कुठे माहीत आहे?"

"सगळा माळ ओळखतो आम्हाला!"

"सर, जरा सहकार्य करा."

भालचंद्रने सहकार्य केलं. तो आकाशाकडे बघून कारण नसताना हसायला शिकला. कुमुद मान वेळावून मागे वळून बघायला शिकली आणि दोनदा दगडाला अडखळून पडली. तिने कंद सोडले, नुसत्या पाकळ्या खाल्ल्या. संध्याकाळच्या गप्पा बंद झाल्या, कारण संध्याकाळी तालीम असे.

एके दिवशी फांदीकर म्हणाला, "आता मिठी."

दोघं पुढे झाली आणि एकदमच किंचाळली.

फांदीकरने कपाळावर हात मारला. "हे काटे कोणी सांगितले होते? मिठीशिवाय गोष्ट पूर्ण कशी होणार? काढून टाका."

"सगळे?" भालचंद्रने विचारलं.

"परत येतात रे," आत्या म्हणाली. स्वतःचे काटे तिने छान फुलवले होते.

"आणि तोवर बिबट्या आला तर?"

कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपल्या आनंदाच्या वेळी तुला बिबट्याच कसा रे आठवतो?"

झालं! काटे उपटले. दुखलं पुष्कळ. शेवटी दोन गुलाबी, सुरकुतलेले, थंडीने कुडकुडणारे गोळे उरले. आत्या म्हणाली, "किती गोड!"

ठरलेल्या दिवशी ऊन कलताना सगळे टेकडीवर गेले. धुकं नव्हतं, म्हणून फांदीकरने ओला पाला पेटवून धूर केला. खोकत खोकत मिठी झाली. एकदा झाली, पुन्हा झाली. दर वेळी फांदीकर म्हणे, "मॅडम, प्रेम थोडं कमी पडतंय."

तेवढ्यात धुरामागून बिबट्या आला.

आत्या बिळात शिरली. फांदीकर शेंड्यावर चढला आणि तिथून ओरडला, "हलू नका! उजेड फार सुंदर आहे!"

कुमुदचे पाय जागीच गोठले. भालचंद्र मात्र गर्रकन वळला. बिबट्याकडे पाठ केली, काटे उभारले आणि उलट्या पावली त्याच्यावर धावून गेला. साळिंदरं अशीच लढतात. फक्त उभारायला काटे नव्हते. ती उघडी, गुलाबी पाठ सरळ बिबट्याच्या जबड्याकडे निघाली होती.

बिबट्या एक पाऊल मागे सरला. "हे काय आहे?"

"साळिंदर," भालचंद्र थरथरत म्हणाला.

"मला शिकवतोस? साळिंदरं मी चांगली ओळखतो. तुला खरूज झालीय. शी! लांब हो, मला लागेल!" आणि बिबट्या नाक मुरडून निघून गेला.

कुमुद पुढे आली. भालचंद्रची पाठ अजून थरथरत होती. हा आपल्यासाठी मरायला निघाला होता, हे तिला कळलं. अगदी स्वच्छ कळलं.

तेवढ्यात फांदीकर खाली उतरला. "मॅडम, तोही क्षण टिपलाय बरं का!"

कुमुदने फोटो पाहिला. धूर, बिबट्या आणि मध्ये त्याच्याकडे पाठ करून उभा असलेला भालचंद्र. ती बराच वेळ पाहत राहिली. भालचंद्र तिच्या तोंडाकडे बघत होता.

"यात याचं पोट फार सुटलेलं दिसतंय," ती शेवटी म्हणाली. "काढून टाका हा."

साखरपुड्याला अख्खं जंगल लोटलं. मांडवाच्या दारात मिठीचा भलामोठा फोटो लावला होता. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून डोळे पुसत होते. "काय प्रेम आहे!" म्हणत होते. मग आत जाऊन खऱ्या जोडप्याला विचारत होते, "नवरानवरी अजून आली नाहीत का?"

मंडळी जेवायला उठली आणि दोघंच उरली. अंगावर काटे नव्हते. जन्मात पहिल्यांदाच त्यांना एकमेकांना अगदी खेटून बसता आलं असतं. पण फांदीकरही जेवायला गेला होता. मग उगाच कशाला? कुमुद एका खुर्चीत बसून आपले फोटो बघत राहिली. दुसऱ्या खुर्चीत बसून भालचंद्र आकाशाकडे बघत हसत राहिला. त्याला आता सवय झाली होती.

तात्पर्य : बाळांनो, संकटात आपल्यासाठी कोण उभं राहतं, हे बघत बसू नये. उभं राहताना त्याने पोट आत घेतलं होतं की नाही, तेवढं बघावं.