बोंडाचा शिनेमा

इंद्रभानने कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी कामरगावात उकंडरावांच्या वावरात कापसाच्या एका पऱ्हाटीसमोर रोवली, वर पांढऱ्या चादरीची सावली बांधली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला. दर पंधरा मिनिटांनी कळ वर करायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा बसायचं. अंधार पडला की थांबायचं, उजाडलं की परत सुरू. कापसाचं बोंड फुटताना दाखवायचं होतं. शेतकी खात्याचे साहेब मोजकंच रीळ हातात देऊन म्हणाले होते, "हे जमलं तर तुरीपासून गव्हापर्यंत सगळी पिकं तुम्हाला." नाही जमलं तर मेहुण्याच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला बसायचं. इंद्रभानच्या बायकोने, विमलबाईने, भावाशी तसं बोलूनही ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी उकंडराव बघायला आले.

"काय करून राह्यला रे बापू?"

"बोंड फुटून राह्यलं ना काका, त्याचा शिनेमा काढून राह्यलो."

उकंडरावांनी वाकून पाहिलं. "मले तं काही हलताना दिसत नाही."

"आता नाही दिसत. तीन दिवसाचं काम पाच सेकंदात दिसन."

"तीन दिवस बसून पाचच सेकंद? बायकोले सांगतलं का तू हे?"

घरी जाऊन त्यांनी बायकोला, रामीबाईंना, सगळं सांगितलं. रामीबाईंनी त्यातून आपल्या कामाचं तेवढं घेतलं. पहिल्या वेचणीआधी सीतादही करायचं होतं. चांगलीशी पऱ्हाटी बघून तिला हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा, मगच कापसाला हात लावायचा. एवढा शिकलेला माणूस जिच्यापुढे तीन दिवस बसतो, ती पऱ्हाटी काय साधीसुधी असणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी इंद्रभान भाकर खायला विहिरीवर गेला. हात धुऊन परत येतो तो पऱ्हाटीभोवती चार बाया, पानांवर कुंकू, आणि बोंडाच्या जागी नुसती रिकामी टरफलं.

"काकू, बोंड कुठं गेलं?"

"वेचलं," रामीबाई म्हणाल्या.

"अजून आजचा दिवस पाह्यजे होता ना मले."

"उद्या वाळून खाली पडलं असतं. पुरं फुटलं होतं ते. चाळीस वर्सं झाले मले वेचता वेचता, मले नाही समजत का?" त्याचा चेहरा पाहून त्यांचा आवाज निवळला. "तुया कामाचा खोळंबा नाही होऊ देला म्या. कळ दाबली तुई. तू हात लावतं तं नुसती टिक करते. म्या दाबली तं कशी चांगली गुरगुरली."

इंद्रभान ढेकळावर बसला. कळ वर केली की एक चित्र यायचं, खाली दाबली की कॅमेरा सलग चालायचा. चालला होता, पार रीळ संपेपर्यंत. दुसरं रीळ मुंबईहून येईस्तोवर पऱ्हाटीची जळणाला काटकं झाली असती.

धुतलेलं रीळ घेऊन साहेब महिन्याभराने कामरगावात आले. शाळेच्या खिडक्यांना पोती लावली, अर्धं गाव आत बसलं. भिंतीवर बोंड दिसलं आणि पाच सेकंदांत फुललंही. पाठोपाठ रामीबाईंचा बांगड्यांचा हात आला, कुंकू लागलं, बाया हसल्या, कापूस अलगद ओटीत गेला आणि शेवटी सगळं पांढरं होत होत दिसेनासं झालं. विमलबाई मनाने सायकल दुकानात पोचली होती.

साहेब म्हणाले, "बोंड पुरतं उमललं आणि तिथेच थांबलात. याआधी एकालाही हे साधलं नव्हतं. आणि पुढची ती पूजा! लोक बघतील हो असं. शेवटी सगळं हळूहळू पांढरं होत गेलं, ते कसं केलंत?"

इंद्रभान रिकाम्या भिंतीकडे बघू लागला.

"दही हाय ते," मागून रामीबाई म्हणाल्या. "जरा जास्त उडालं, मंग काचेवर ओघळत आलं."

हसू ओसरल्यावर साहेबांनी विचारलं, "आता तूर घ्या. कळीचं फूल व्हायला किती वेळ धराल?"

इंद्रभानने मान वळवून रामीबाईंकडे पाहिलं. मग साहेबांनीही पाहिलं.

"सांगन मी," रामीबाई म्हणाल्या. "पण बापू, म्या उलशीक कळ दाबली तं एवढं दिसलं, अन् तू तीन दिवस बसून पाच सेकंद. तुरीच्या टायमाले कळ माह्याकडंच राहू दे."

सगळ्यांत आधी विमलबाईने मान डोलावली.