नंबर आहे, गाडी नाही

पहिली बोली कुणी लावेना, तेव्हा निशिकांत खुर्चीत चुळबुळू लागला. परदेशात टॅम्पिनीसला स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी एका डायलिसिस केंद्राच्या मदतीसाठी गाडीचा खास नंबर लिलावात काढला होता, आणि सभागृह ढिम्म बसलं होतं. निशिकांतच्या बाबांचं सांगलीत कापडाचं दुकान. भवानी अडलेली त्याला बघवत नसे. आपण सुरुवात करून द्यावी, पुढे गाडीवाले बघून घेतील, असं म्हणून त्यानं हात वर केला. डोक्यात एकच आकडा होता, आई-बाबांच्या डिसेंबरच्या तिकिटांसाठी साठवलेला. तोच तोंडातून गेला.

शेजारी दोन गाड्यांचे मालक हेमचंद्र बसले होते. निशिकांतनं त्यांच्याकडे आशेनं पाहिलं.

"आता तुम्ही बोला ना."

"छे हो. तुमची एवढी हौस, मी कशाला आडवा येऊ?"

हातोडा पडला. टाळ्या झाल्या, नंबराची पाटी हातात देऊन फोटो काढले गेले.

घरी बायकोनं, चैत्रालीनं, पाटी उलटसुलट करून पाहिली. "आपल्याकडे गाडी आहे?"

"नाही."

"आणि आई-बाबांची तिकिटं?"

निशिकांत चपला काढण्यात गुंतला. या देशात गाडी ठेवण्याच्या नुसत्या परवान्याच्या पैशात सांगलीला बंगला उठतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो हेमचंद्रांकडे नंबर फुकट द्यायला गेला.

"दान तुमचं, आणि पाटी मी मिरवू?" त्यांनी हात जोडले. "वर्षभरात गाडीला लावा मात्र, नाहीतर बाद होईल."

रविवारी त्यानं मन घट्ट करून सांगलीला फोन लावला. यंदा तुम्हाला आणता येणार नाही, हे वाक्य त्यानं चारदा घोकलं होतं. ते म्हणताना आपल्याला रडू येईल, याचीच त्याला धास्ती होती.

"फेसबुकवर फोटो पाहिला," बाबाच आधी बोलले. "गाडी घेतलीस, आणि बापाला सांगत नाहीस?"

"बाबा, गाडी नाही हो, फक्त..."

"लाजू नकोस. तुझ्यावर आणखी भार नको म्हणून तिकिटं आम्हीच काढली. स्वस्तातली आहेत, रद्द होत नाहीत. विमानतळावर तुझ्या गाडीनंच न्यायला ये. तुझी आई आल्या आल्या पूजा करणार आहे."

"पण बाबा..."

"नारळ तिथं महाग असेल, म्हणून ती इथूनच आणतेय. चाकापुढे फोडायला."

फोन बंद झाला. आई-बाबा येणार म्हणून निशिकांतला भरून आलं. मग त्याची नजर दाराजवळच्या पाटीवर गेली. नंबर होता, नारळही येत होता. तेवढं चाक राहिलं होतं.